वैरच खोटं असेल तर प्रेम खरं कसं वाटणार? हल्लीच्या यंग अडल्ट फँटसी आणि रोमान्स कादंबऱ्यांबद्दल

इंग्रजी पुस्तकांच्या कुठल्याही मोठ्या दुकानात जा, आत शिरल्या शिरल्या पहिल्याच टेबलावर सगळी एकाच घरातली वाटावीत अशी पुस्तकं मांडलेली असतात, काळं नाहीतर गडद जांभळं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं, एखादा मुकुट, खंजीर किंवा ड्रॅगन, पानांच्या कडासुद्धा रंगवलेल्या, आणि मागच्या बाजूला साधारण एकच गोष्ट, की ती त्याचा मनापासून द्वेष करते, तो तिच्या जिवावर उठलाय, आणि तरीही... त्या 'तरीही'साठीच आपण पुस्तक उचलतो. मीही त्याचसाठी उचलते, आणि वाचायला लागले की रात्रीचे दोन कधी वाजतात कळत नाही. म्हणूनच या पुस्तकांबद्दल जरा नीट बोलावं असं वाटतं, कारण आपल्याकडे एकतर "काय ते टीनेजर लोकांचं वाचतेस" म्हणून उडवून लावतात, नाहीतर रीलवर सगळ्याच पुस्तकांना पाचपैकी पाच स्टार आणि रडणारे इमोजी देऊन मोकळे होतात, आणि खरंच पैसे खर्च करून पुस्तक घेणाऱ्याला दोन्हीचा उपयोग नाही.

टिकटॉक आपल्याकडे २०२० पासून बंद आहे पण तिथली पुस्तकांची लाट इन्स्टावरून इथे आलीच. आता पुस्तकाची ओळख करून देतात तीच मुळी ट्रोपची, म्हणजे ठरलेल्या कथा-साच्यांची, यादी वाचून, एनिमीज टू लव्हर्स (आधी वैरी, मग प्रेमी), एकच बेड, बॉलमधला म्हणजे नाचाच्या मेजवानीतला डान्स, 'तुझी ही अवस्था कोणी केली?' असं दात-ओठ खाऊन विचारणारा हिरो. मला ट्रोपचा राग नाहीये, आवडीची गोष्ट पुन्हा पुन्हा वाचायला सगळ्यांनाच आवडतं. पण एनिमीज टू लव्हर्स म्हणून जे विकलं जातं ना, त्यात मी आता एकच गोष्ट बघते. वैर कशावरून आहे? आणि ते मिटताना कोणाला काय सोडावं लागलं? वैराला काही कारणच नसेल, म्हणजे दोघं नुसते एकमेकांना टोमणे मारतायत आणि मधून मधून त्याच्या जॉलाइनचं वर्णन येतंय, तर पुढे त्यांनी कितीही किस केलं तरी मला काही फरक पडत नाही. या कसोटीवर हल्लीची बरीच गाजलेली पुस्तकं घसरतात आणि काही मात्र अशी टिकतात की काय सांगू.

सुरुवात जरा मागून करते, कारण आजचं ते अख्खं टेबल बऱ्याच अंशी या पुस्तकामुळे भरलंय. हॉली ब्लॅकचं 'द क्रुएल प्रिन्स', २०१८. ज्यूड सात वर्षांची असताना मॅडॉक नावाचा एक फेअरी, म्हणजे परीलोकातला, सेनापती तिच्या घरात शिरतो, तिच्या डोळ्यांसमोर आईवडिलांना मारतो, आणि तिला व तिच्या बहिणींना एल्फहेम या फेअरींच्या राज्यात नेऊन स्वतःच्या मुलींसारखं वाढवतो. तलवार तोच शिकवतो, डावपेच तोच शिकवतो, आणि ज्यूडचं त्याच्यावर प्रेमही आहे, द्वेषही आहे, दोन्ही एकाच वेळी, आणि माझ्या मते या पुस्तकातलं सगळ्यात जबरदस्त नातं कार्डनचं नाहीच, हे बाप-लेकीचं आहे. कार्डन हा राजाचा सगळ्यात धाकटा मुलगा, देखणा, दारू पिऊन पडलेला, आणि ज्यूड फेअरी नाही, माणूस आहे म्हणून तिला कस्पटासारखं वागवणारा. तो आणि त्याची टोळी तिच्याशी जे वागतात ते टोमणे नाहीत, तो सरळ सरळ छळ आहे, त्यांच्यातला एक जण तिच्या तोंडात जबरदस्तीने ते मोहिनी घालणारं फळ कोंबतो ना, तो प्रसंग वाचताना पोटात गोळा येतो.

आता यातली खुबी बघा. इथल्या फेअरींना खोटं बोलता येत नाही. शब्द फिरवता येतात, अर्धं सांगता येतं, पण सरळ खोटं नाही. माणसाला येतं. म्हणजे ज्यूडकडे ना जादू, ना अमरत्व, ना रूप, पण त्या अख्ख्या दरबारात खोटं बोलू शकणाऱ्या मोजक्यांतली ती एक, आणि त्या जोरावर ती पुढे राजकारण करते. शिवाय कोणी विष घालून मारू नये म्हणून ती रोज थोडं थोडं विष स्वतःच खायला लागते, अंगाला सवय व्हावी म्हणून. सतरा वर्षांची मुलगी रोज विषाचा डोस घेते, तिला सत्ता हवीय आणि त्याची तिला लाज वाटत नाही, अशी नायिका मला फार क्वचित भेटलीये. कार्डनबद्दल तिचं मत बदलतं तेसुद्धा तो अचानक गोड वागायला लागतो म्हणून नाही. त्याचा मोठा भाऊ त्याला नोकराकरवी पट्ट्याने फोडून काढतो ते ती लपून बघते, तिला कळतं की हा असा का झाला, पण म्हणून ती त्याला माफ करत नाही, तो प्रसंग ती मनात ठेवून देते आणि पुढे वापरते. याला म्हणतात वैर! तिन्ही भाग घ्या, दुसरा 'द विकेड किंग' सगळ्यात भारी, तिसरा 'द क्वीन ऑफ नथिंग' मात्र घाईत गुंडाळलाय, तिथे अजून शंभर पानं असती तर बरं झालं असतं.

आता ज्याची सगळ्यात जास्त चर्चा आहे ते, रिबेका यारोसचं 'फोर्थ विंग', मे २०२३. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, हे पुस्तक यंग अडल्ट, म्हणजे साधारण बारा ते अठरा वयासाठीचं, नाहीये. नायिका व्हायलेट वीस वर्षांची आहे, पार्श्वभूमी लष्करी कॉलेजची आहे, ड्रॅगन आहेत, त्यामुळे ते शाळकरी मुलांच्या पुस्तकांशेजारी लावलेलं दिसतं आणि आईवडील वाढदिवसाला घेऊन देतात, पण आत सेक्सची चांगली सविस्तर वर्णनं आहेत आणि रक्तपातही खूप आहे. बाराव्या-तेराव्या वर्षाच्या मुलीला देण्याआधी स्वतः वाचा, एवढंच. सोळा-सतराच्या पुढच्यांना काय द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

पुस्तकाची सुरुवात मात्र अप्रतिम आहे. व्हायलेटला लिहिण्या-वाचण्याच्या विभागात जायचंय, वडिलांनी तिला पुस्तकांतच वाढवलंय, पण तिची आई सेनापती आहे आणि ती तिला ड्रॅगन-रायडर व्हायला पाठवते. आणि हिचे सांधे इतके कमजोर की जरा कुठे धक्का लागला तर निखळतात. लेखिकेला स्वतःला एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम हा सांधे सैल होण्याचा आजार आहे आणि ते पुस्तकात जाणवतं, कारण गुडघ्याला पट्ट्या बांधणं, दुखतं तरी चेहऱ्यावर न दाखवणं, हे सगळं नुसतं हिरोईनवर दया यावी म्हणून घातलेलं वाटत नाही, तिचा रोजचा दिवसच तसा आहे. पहिली परीक्षा म्हणजे उंचावरची एक अरुंद दगडी वाट ओलांडायची, खाली पडला तो मेला. वर पाऊस. चढायच्या आधी रांगेत रियानन नावाच्या मुलीचे बूट घसरणारे आहेत हे व्हायलेटच्या लक्षात येतं आणि ती स्वतःच्या चांगल्या पकडीच्या बुटातला एक बूट तिला देते, तिचा एक आपण घालते, म्हणजे दोघींचाही एक पाय तरी घट्ट राहील. मग त्या वाटेवर भीती घालवायला ती पाठ केलेला भूगोल-इतिहास पुटपुटत चालते. एवढ्या दोन गोष्टींत मुलगी कोण आहे ते कळलं की नाही? पुढे आखाड्यात ताकद पुरत नाही म्हणून ती प्रतिस्पर्ध्यांवर आधीच विषप्रयोग करते, तेही मला प्रचंड आवडलं.

पण हिरोचं, झेडनचं काय? त्याच्या वडिलांनी बंड केलं, व्हायलेटच्या आईने त्यांना देहदंड दिला, आणि त्याच बंडात व्हायलेटचा भाऊ गेला. यापेक्षा खरं वैर कोणतं असणार! शिवाय बंडखोरांच्या १०७ मुलांची जबाबदारी झेडनने स्वतःवर घेतलीये आणि त्याबद्दलच्या खुणा पाठीवर वागवतोय. इतकं सगळं हातात असताना लेखिका काय करते, तर व्हायलेटचा ड्रॅगन आणि झेडनचा ड्रॅगन यांची जोडी असते, एकाचं काही झालं तर दुसऱ्याच्या जिवावर येणार, मग झाली की सोय, आता तो तिला वाचवणार कारण वाचवावंच लागणार. मला वाटलं होतं यातून काहीतरी खोल निघेल, म्हणजे हा मला वाचवतोय तो माझ्यासाठी की स्वतःच्या जिवासाठी, हा प्रश्न तिला छळेल, थोडासा येतोही तो, पण लगेच वर्णनं सुरू होतात आणि बापाला देहदंड देणाऱ्या बाईच्या मुलीवर प्रेम करताना त्याच्या आत जे काही व्हायला हवं होतं ते आपल्याला दिसतच नाही. त्यापेक्षा डेनचा भाग जास्त जमलाय. डेन तिचा लहानपणचा मित्र, तिची खरंच काळजी आहे त्याला, पण तो सारखा म्हणतो तू मरशील, सोडून दे, आणि झेडन म्हणतो लढ. काळजीपोटी पंख छाटणारी माणसं आपल्या घराघरात आहेत, त्यामुळे ती डेनपासून का दूर जाते ते मुलींना समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा भाग 'आयर्न फ्लेम', त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला आणि घाई दिसते. तू मला सांगितलं का नाहीस, तू विचारलं का नाहीस, हेच भांडण किती वेळा! तिसरा 'ऑनिक्स स्टॉर्म', जानेवारी २०२५, पहिल्या आठवड्यात २७ लाखांच्या वर प्रती खपल्या, आणि मीही धावतच घेतलं, पण बेटामागून बेट येत राहतं आणि इतकी नवीन नावं की मध्येच मागे जाऊन कोण कोणाचा कोण ते शोधत बसावं लागतं. ड्रॅगन मात्र तिन्ही भागांत झकास आहेत. व्हायलेटच्या टेअर्न या ड्रॅगनचे बोल म्हणजे घरातल्या खडूस आजोबांचे, आणि तिच्या छोट्या ड्रॅगनसाठी, अँडार्नासाठी तर जीव तुटतो. फूटपाथवर, सिग्नलला जी पायरेटेड कॉपी मिळते ती घेऊ नका, शाई फिकट, नकाशा वाचता येत नाही, आणि लेखकाला त्यातून एक पैसाही मिळत नाही. बजेट नसेल तर किंडल आहे, लायब्ररी आहे, सेकंडहँड आहे.

लॉरेन रॉबर्ट्सच्या 'पॉवरलेस'बद्दल (२०२३) मला राग आहे आणि तो का आहे ते सांगते. इल्या नावाचं राज्य, तिथे एका साथीनंतर काही लोकांना शक्ती मिळाल्या ते एलीट, ज्यांना नाही मिळाल्या ते ऑर्डिनरी. आणि राजा सांगतो की ऑर्डिनरी लोकांमध्ये एक न दिसणारा रोग आहे, त्यांच्या सहवासाने एलीटांच्या शक्ती कमी होतात, म्हणून त्यांना हाकला, मारा. पेडिन ही ऑर्डिनरी, चोऱ्या करून जगणारी, वडिलांनी शिकवलेल्या बारीक निरीक्षणाच्या जोरावर आपल्याला मनातलं कळतं असं सोंग करते. काय जबरदस्त कल्पना आहे! जन्मामुळे अपवित्र ठरवलेली माणसं, त्यांच्या सावलीने बाटतो म्हणणारी सत्ता, आणि त्यातली एक मुलगी रोज खोटी ओळख घेऊन त्यांच्यातच वावरते. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला हे वाचताना अंगावर काटा येणारच, आडनाव लपवून भाड्याने घर घेणारी माणसं आपल्या आसपास आहेत. पण पुस्तकाला त्याचं काही पडलेलंच नाही. हे सगळं मागे पडदा म्हणून टांगलंय आणि पुढे काय, तर जीवघेण्या स्पर्धा, बॉल, ड्रेस, दोन राजपुत्र, आणि त्यातल्या काय (Kai) नावाच्या राजपुत्राशी पेडिनची चिडवाचिडवी जी पानंच्या पानं संपत नाही. हा राजपुत्र राजाचा होणारा एन्फोर्सर आहे, म्हणजे पेडिनसारख्यांना शोधून मारणं हेच त्याचं काम, आणि तरी बराच वेळ ती त्याच्या गालावरच्या खळीचाच विचार करतेय. शेवटची पन्नास-एक पानं चांगली आहेत, तिथे पुस्तकाला अचानक आठवतं की आपण कशाबद्दल होतो. पुढचे भाग 'रेकलेस' आणि 'फिअरलेस' आलेत. ज्यांना नुसता टाइमपास रोमान्स हवाय त्यांना आवडेल, भाषा सोपी आहे, इंग्रजी वाचनाची सवय लावायला बरं आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. अलेक्स अ‍ॅस्टरचं 'लाइटलार्क' (२०२२) पण याच वाटेचं, तिथेही शक्ती नसलेली राणी आणि दोन राजे, पण तिथले शाप आणि नियम इतके गुंतलेले की मला शेवटपर्यंत नीट लागले नाहीत, वगळलंत तरी चालेल.

स्टेफनी गार्बरची 'वन्स अपॉन अ ब्रोकन हार्ट' मालिका ज्यांना परीकथा आवडतात त्यांच्यासाठी. प्रियकराचं लग्न मोडावं म्हणून एव्हँजेलीन जॅक्स नावाच्या एका अमर, मायावी तरुणाकडे जाते आणि तो बदल्यात तीन किस मागतो, कधी, कुठे, कोणाला ते तो ठरवणार. गोड आहे, रंगीत आहे, आणि एव्हँजेलीन भोळी असली तरी मूर्ख नाही, तिचा आशावाद लेखिकेने कुठेही हास्यास्पद होऊ दिला नाहीये. दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस.

आता माझं सगळ्यात लाडकं. रिबेका रॉसचं 'डिव्हाइन रायव्हल्स', एप्रिल २०२३. इथे वैर म्हणजे नोकरीवरून. ओथ नावाच्या शहरात एक वर्तमानपत्र आहे, त्यात आयरिस विनो आणि रोमन किट दोघंही नवशिके, आणि स्तंभलेखकाची जागा एकच. ऐकायला साधं वाटतं ना? पण आयरिसने शाळा अर्धवट सोडलीये, भाऊ फॉरेस्ट युद्धावर गेलाय, आई दारूत बुडालीये, घरात मेणबत्तीवर दिवस काढतात, आणि ती भावाचाच जुना कोट घालून ऑफिसला येते. रोमन श्रीमंत घरातला, इस्त्रीचे कपडे, वडिलांच्या ओळखी. त्याच्यासाठी ती जागा म्हणजे मान आहे आणि हिच्यासाठी महिन्याचा पगार आहे, म्हणजे हे वैर पैशाचं आणि वर्गाचं आहे, आणि म्हणूनच मला ते ड्रॅगनवाल्या बंडापेक्षा जास्त खरं वाटलं.

जादू म्हणाल तर फार थोडी. आयरिस भावाला पत्रं लिहिते आणि कुठे पाठवायची माहीत नसल्यामुळे आपल्या कपाटाच्या दाराखालून आत सरकवते. ती पत्रं गायब होतात. टाइपरायटर आजीचा आहे आणि त्यात जादू आहे हे तिला माहीत नाही. पत्रं जाऊन पडतात ती रोमनच्या खोलीत. एक दिवस उत्तर येतं, की मी फॉरेस्ट नाही. बस एवढंच. आणि तिथून दोघांची पत्रं सुरू होतात, दिवसा ऑफिसमध्ये एकमेकांवर कुरघोडी आणि रात्री कपाटाच्या दारातून मनातलं सगळं. त्यालाही एक जुनी जखम आहे, बहिणीची, ती तो त्या पत्रांतच पहिल्यांदा सांगतो. दोघं जवळ येतात ते एकमेकांच्या लिहिण्यामुळे. रूप-बिप नंतर.

पण त्याला माहीत आहे की ही आयरिस आहे, आणि तिला माहीत नाही की हा रोमन आहे. माझी भाची दहावीत आहे, तिने हे वाचून मला पहिला प्रश्न हाच विचारला, "मावशी, तो सांगत का नाही सरळ? ती सगळं सांगतेय आणि हा नुसता ऐकून घेतोय, हे चीटिंग नाही का?" आहेच. आणि माझं मत आहे की लेखिकेने रोमनला इथे जरा स्वस्तात सोडलंय, आयरिसला राग येतो पण जेवढा यायला हवा तेवढा नाही. तरीसुद्धा दहावीतल्या मुलीला हा प्रश्न पुस्तक वाचता वाचता पडावा, यातच मला त्या पुस्तकाचं कौतुक वाटतं. टोमणे मारणाऱ्या राजपुत्रांच्या पुस्तकांत असा प्रश्न पडायला जागाच नसते.

याच पुस्तकाचा उत्तरार्ध युद्धाचा. शहरातल्या पेपराला युद्धाच्या बातम्या छापायच्या नाहीयेत, म्हणून आयरिस दुसऱ्या एका धाडसी पेपरची वार्ताहर होऊन सीमेवरच्या गावात जाते. तिथे ती आणि तिची मैत्रीण अ‍ॅटी दवाखान्यात जाऊन जखमी सैनिकांची पत्रं लिहून देतात. ज्याला हात उरला नाही तो सांगतो, ही टाइप करते. आकाशात ते उडणारे भयंकर प्राणी आले की जिथे असाल तिथे अजिबात हलायचं नाही, आवाज करायचा नाही, असा नियम आहे, आणि त्या नियमावर बेतलेला शेतातला एक प्रसंग आहे तो मी इथे सांगणार नाही, स्वतः वाचा. उणिवा आहेत. देवांचं भांडण म्हणजे मुळात नवरा-बायकोचं भांडण, डेकर आणि एन्व्हा, आणि त्यासाठी गावंच्या गावं का मरतायत ते फारसं पटत नाही, देवीची वीणा ऐकून पोरं सैन्यात भरती होतात एवढं एकच कारण दिलंय. नकाशासुद्धा डोक्यात नीट बसत नाही. 'रूथलेस व्हाऊज' हा पुढचा भाग, त्यात स्मृती जाण्याचा प्रकार आहे, जो आपण आपल्या सिरियलींमध्ये इतका बघितलाय की मला धडकीच भरली होती, पण पत्रांमुळे तोही निभावून जातो. मालिका दोनच भागांत संपते हेही बरं, पाच-पाच भागांची वाट बघत बसायला नको. हे मराठीत यावं असं मला फार वाटतं. एखाद्या चांगल्या प्रकाशकाने मनावर घ्याच. पत्रांची भाषा मराठीत काय सुंदर उतरेल, आणि इंग्रजी माध्यमात नसलेल्या मुला-मुलींनाही या वयात असं काही वाचायला मिळेल.

कारण मराठीत या वयातलं प्रेम आलेलंच नाही असं नाहीये. मिलिंद बोकीलांची 'शाळा' २००४ ची, नववीतला मुकुंद जोशी, शिरोडकर, बाहेर आणीबाणी. तिथे प्रेम म्हणजे बघणं, वाट बघणं, ती कुठल्या रस्त्याने जाईल याचा हिशोब. आणि ते वाचून आजही पोरं हळवी होतात, कारण त्या दोघांच्या मध्ये शाळा, घर, जात, वय असं सगळं खरोखर उभं आहे. मला इंग्रजी फँटसीकडून ड्रॅगनच्या पाठीवर बसून तेवढंच हवंय.

फँटसी नको, साधा रोमान्स हवा असेल तर लिन पेंटरचं 'बेटर दॅन द मूव्हीज' (२०२१) घ्या, पंधरा-सोळा वयाला अगदी बिनधास्त देता येईल असं. लिझ आणि वेस शेजारी, लहानपणापासून एकमेकांच्या खोड्या काढणारे, आणि आताचं भांडण घरासमोरच्या पार्किंगच्या जागेवरून. हे वैर पोरकटच आहे, आणि पुस्तकही ते पोरकट म्हणूनच दाखवतं, त्यात कोणी कोणाचा गळा कापायला निघालेलं नाही, म्हणून ते मला चालतं. लिझला मायकेल हवाय, वेस तिला मदत करणार, पुढे काय होणार ते पहिल्या दहा पानांत कळतं. तरी शेवटपर्यंत वाचवतं, आणि ते लिझच्या आईमुळे. आई वारलीये, रोमँटिक सिनेमांची वेडी होती, आणि लिझ त्या सिनेमांना धरून बसलीये. तिची मैत्रीण जॉस मागे लागलीये की चल प्रॉमचा, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षीच्या डान्स-पार्टीचा, ड्रेस घ्यायला जाऊ, आणि लिझ काही ना काही कारण काढून टाळते, कारण ड्रेस आईबरोबर घ्यायचा असतो. मैत्रीण रागावते, हिला सांगता येत नाही. ज्या घरात आई नाही तिथे लग्नाच्या शॉपिंगला काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे टाळणं लगेच कळेल. सावत्र आई हेलेना चांगली बाई दाखवलीये हेही मला आवडलं. २०२४ चा पुढचा भाग 'नथिंग लाइक द मूव्हीज' ठीक आहे, नाही वाचलात तरी पहिल्या भागाचं काही अडत नाही.

अली हेझलवूडचं 'चेक अँड मेट' (२०२३) हे तिचं पहिलं यंग अडल्ट. मॅलरी अठरा वर्षांची, गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करते, आई आजारी, दोन लहान बहिणी, आणि वडिलांमुळे बुद्धिबळ सोडून दिलेलं. एका चॅरिटी स्पर्धेत ती जगातल्या एक नंबरच्या नोलन सॉयरला हरवते. याची जाहिरात रायव्हल्स म्हणून करतात पण नोलनला तिच्याबद्दल कधी वैर वाटतच नाही, हरल्या क्षणापासून तो तिच्या खेळावर फिदा आहे, आणि मला ते इतकं छान वाटलं! सगळं वैर मॅलरीचं बुद्धिबळाशी आहे, म्हणजे वडिलांशी. बुद्धिबळाच्या जगात मुलींना काय ऐकून घ्यावं लागतं तेही आहे. जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला वर्ल्ड कप जिंकली, तेव्हापासून ओळखीच्या बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलींना मी हे पुस्तक सुचवतेय. प्रत्यक्ष पटावरच्या चाली फारशा नाहीत, त्या शोधायला जाल तर निराश व्हाल, आणि मॅलरी स्वतःला जबाबदारीत इतकी गाडून घेते की मध्ये मध्ये तिला हलवून जागं करावंसं वाटतं.

आणि शेवटी असं एक पुस्तक ज्यात वैर नाहीच, तरी प्रेमाची किंमत पुरेपूर आहे. अ‍ॅक्सी ओचं 'द गर्ल हू फेल बिनीथ द सी', २०२२. कोरियातल्या शिम चाँगच्या लोककथेवर बेतलेलं. दरवर्षी समुद्रदेवाला एक सुंदर मुलगी अर्पण करतात म्हणजे वादळं थांबतील. यावर्षी शिम चाँगची पाळी आहे आणि नायिका मीनाचा भाऊ तिच्यावर प्रेम करतो. तर भावाचं प्रेम वाचवायला मीना स्वतःच समुद्रात उडी मारते. खाली देव झोपलेला आहे, शापात आहे, आणि मीनाच्या हाताला बांधलेला लाल धागा कुठे जातो ते बघायचं. शिन नावाचा जो तरुण तिला तिथे भेटतो तो तिचा शत्रू नाही, त्याचं कर्तव्य तिच्या आड येतं एवढंच. तीन भुतं तिच्याबरोबर फिरतात, एक म्हातारीचा मुखवटा घातलेली मुलगी, एक मुलगा, त्याच्या पाठीला बांधलेलं एक छोटं बाळ, आणि ती कोण आहेत हे कळतं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले. एकच भाग, तीनशेच्या आसपास पानं, शिवीगाळ नाही, सेक्स नाही, बाराच्या पुढे कोणालाही द्या. रीलवर हे फारसं दिसत नाही, दुकानात टेबलावरही नसतं, मागच्या शेल्फवर खालच्या कप्प्यात बघा, नाहीतर काउंटरवर नाव सांगून मागवून घ्या, आठवड्याभरात येतं.